दिवा मापाखाली

डिसेंबर लागला की आपल्या मंडळ्यांमधून चांदण्या बाहेर निघतात. बांबूच्या कमच्या, पतंगाचा कागद, आत बल्ब. चर्चच्या टिनावर एक आणि प्रत्येक विश्वासू घराच्या दारात एक. त्याच महिन्यात शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, पांढरी झालेली असते आणि वेचणीच्या बाया सकाळपासून कमरेत वाकून असतात. चांदणी आणि वेचणी, दोन्ही एकाच महिन्यातल्या. आपण प्रवचनात चांदणीबद्दल बोलतो, वेचणीबद्दल बोलत नाही. म्हणून हे लिहितोय.

मत्तयाच्या 5 व्या अध्यायातलं वचन आपल्या लेकरांनाही पाठ आहे. तुम्ही जगाचा प्रकाश आहात, डोंगरावर वसलेलं नगर लपत नाही, दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतो. यातला 'माप' हा शब्द आपण घाईनं वाचून पुढे जातो. मूळ ग्रीक शब्द धान्य मोजायच्या भांड्याचा आहे, अंदाजे पावणेनऊ लिटरचं भांडं. आपल्याकडची पायली, कुडव, त्याच जातीचं. प्रभूनं हा दाखला घरातल्या रोजच्या वस्तूंवरून दिला, एवढंच शास्त्र सांगतं. पण मला त्या शब्दापाशी थांबावंसं वाटतं, कारण गावात ख्रिस्ती माणसाचा दिवा विझतो तो बहुतेक वेळा मापाखालीच. प्रार्थना कमी पडली म्हणून लोक आपल्याला नावं ठेवत नाहीत. काटा कमी भरला, मजुरी अडकवली, शब्द फिरवला, म्हणून ठेवतात.

आधी दिवा जळतो कसा ते पाहू. प्रभूच्या काळचा दिवा म्हणजे तळहातावर मावेल अशी मातीची पणती, आत जैतुनाचं तेल आणि अंबाडीसारख्या धाग्याची वात. तो धागा जवसाच्या काडीचा. आपल्याकडे जवस तेलासाठी पेरतात, तिकडे त्याच झाडाच्या काडीपासून धागा काढत आणि त्याचीच वात वळत. यशया 42 मध्ये 'मिणमिणती वात तो विझवणार नाही' असं आहे, ती हीच वात. तेल असेपर्यंत जळतं ते तेल, वात नुसती ते वर ओढून आणते. तेल संपलं की वात स्वतः जळू लागते, धूर होतो, वास सुटतो आणि ती काळी पडून गळते. गावोगाव सभा घेत फिरणारे, रोज रात्री कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जाणारे आणि स्वतःच्या घरात महिनोन् महिने शास्त्र न उघडणारे आपले कार्यकर्ते असेच करपतात. त्यांचा राग, चिडचिड, बायकोवर ओरडणं हा धूर आहे. त्यांना रागावून उपयोग नाही. त्यांना आठवड्यातला एक दिवस मोकळा द्या.

कंदील वापरलेल्यांना दुसरी गोष्ट ठाऊक असेल. जास्त उजेड हवा म्हणून वात वर केली की उजेड घडीभर वाढतो आणि मग काच काळी होते. रॉकेल जास्त ओढलं जातं, तेवढं जाळायला हवा पुरत नाही, उरलेल्याची काजळी काचेवर बसते. वात कमी करायची, काच थंड झाल्यावर राखेनं पुसायची, वातीचं टोक कात्रीनं सरळ कापायचं आणि दोन्ही कोपरे जरासे छाटायचे. कोपरे राहिले तर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि काच एका बाजूनं तडकते. निर्गमाच्या 25 व्या अध्यायात दीपवृक्षाबरोबर वाती साफ करायचे चिमटेसुद्धा शुद्ध सोन्याचे करायला सांगितलेत. काजळी काढणं हे देवाच्या घरात हलकं काम नव्हतं. आपल्या मंडळीत चूक कबूल करणाऱ्याकडे सगळे टकमका पाहतात, आणि मग दुसऱ्या वेळी कुणी कबूल करत नाही. काच काळी राहते. आपण मात्र वात वर करत बसतो, म्हणजे स्पीकरचा आवाज वाढवत बसतो.

आता शेतात या.

वेचणी किलोवर असते. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाठोडी येतात, हुकाचा काटा झाडाला लटकतो. तिथे काय होतं ते प्रत्येक गाववाल्याला माहीत आहे. 17 किलो 800 ग्रॅम भरले की '17 लिही' म्हणतात. फडक्याचे म्हणून सरसकट 1 किलो कापतात, आणि फडकं असतं पाव-अर्ध्या किलोचं. हिशेब करून पाहा. 10 बाया, प्रत्येकीचा दिवसाला नुसता अर्धा किलो दाबला तरी 5 किलो. किलोला 10 रुपये धरले तर दिवसाचे 50, वीस दिवसांच्या वेचणीत 1,000 रुपये. या हजार रुपयांनी शेतकरी श्रीमंत होत नाही. पण दहा घरांत रात्री चुलीपुढे हेच बोललं जातं की चर्चला जाणारा असूनही काटा मारतो. तुमची चांदणी त्या दहा घरांना दिसतच नाही.

म्हणून करायचं ते असं. सगळी फडकी सुरुवातीलाच एकदा रिकामी मोजा, प्रत्येकीच्या नावापुढे वजन लिहा आणि तेवढंच कापा. ग्रॅमसकट लिहा. काट्याचा आकडा तिला दिसेल अशा बाजूनं काटा धरा आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. एक वही तुमच्याकडे आणि एक लहान वही तिच्याकडे, दोन्हींत तोच आकडा. सकाळी दवात वेचलेला कापूस जड भरतो, हा शेतकऱ्याचा संशय खोटा नाही. पण त्याचा इलाज वजन दाबणं नाही. दव उडाल्यावर वेचणी सुरू करा. ओला कापूस तसाही पिवळा पडतो, आणि कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर घेतच नाहीत.

इथे आपल्यालाही आरसा आहे. गाडी विकायला नेताना कापसावर पाणी मारणं, गाठोड्याच्या पोटात कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, भरणं. व्यापारी कट्टी लावतो, म्हणजे वजनात मनाला येईल तशी कपात करतो, म्हणून आम्ही पाणी मारतो, असं म्हणतात. व्यापाऱ्याची कट्टी हा अन्यायच आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण लेवीयाच्या 19 व्या अध्यायात खरी तराजू, खरी वजनं ठेवायला सांगताना समोरचा खरा असेल तर, अशी अट घातलेली नाही.

मजुरी कधी द्यायची? बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात स्पष्ट आहे, सूर्य मावळायच्या आत, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी चुकारा करायची रीत आहे. बायांना ती मान्य असेल तर चालेल, पण मग बाजाराच्या सकाळी द्या. संध्याकाळी दिलात तर बाजार उठलेला असतो. 'व्यापाऱ्याकडून आले की देतो' हे बंद करा. तुमच्या विक्रीची जोखीम तिच्या पोटावर टाकू नका. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. आजकाल मजुरी मोबाइलवर टाकतात आणि मोबाइल असतो नवऱ्याकडे. पैसे थेट गुत्त्यावर जातात. तिच्या हातात रोख द्या किंवा तिच्या स्वतःच्या खात्यात टाका.

सरव्याबद्दल थोडंसं. धुऱ्यालगतचे तास कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, ही लेवीयातली आज्ञा. रूथ जगली ती सरव्यावरच. हरभऱ्यात, गव्हात हे सहज जमतं. कापसात मात्र पऱ्हाटी फार दिवस उभी ठेवू नका. गुलाबी बोंडअळी त्यावर पुढच्या हंगामापर्यंत तग धरते आणि नुकसान शेजाऱ्याचंही होतं.

याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माची व्याख्या एका ओळीत आहे. अनाथ आणि विधवा यांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. यवतमाळ, अमरावती, वर्धा, इथल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेतकऱ्यानं जीव दिला की पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. तेरवी झाली की मंडप निघतो, आणि त्या बाईचा खरा अंधार चौदाव्या दिवशी सुरू होतो. मंडळीनं तेव्हा जावं, आणि गाणी म्हणायला नाही तर कागद घेऊन जावं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत. शवविच्छेदनाचा अहवाल आणि पंचनाम्याची नक्कल पोलीस ठाण्यातून. सातबारा, आठ-अ, बँकेचं किंवा सोसायटीचं कर्जाचं पत्र. वारसाची नोंद तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत. शासनाची मदत 1 लाख रुपये आहे, त्यातले 30,000 हातात आणि 70,000 ठेवीत. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं आणि तिथे पात्र-अपात्र ठरतं. कर्ज बिनपरवाना सावकाराचं असेल, जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, तर प्रकरण तिथे अडकू शकतं. म्हणून कर्जाचा कागद आधी शोधा. मदत नाकारली गेली तरी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज वेगळा करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या घराला कर्ता माणूस गेल्यावर 20,000 रुपयांचं राष्ट्रीय कुटुंब साहाय्यही आहे. त्या बाईला तहसीलच्या चकरा एकटीनं माराव्या लागतात, आणि दिवसभर रांगेत उभं राहिलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. मंडळीतल्या दोन शिकलेल्या बहिणी तिच्यासोबत गेल्या तर ती प्रार्थनासभेपेक्षा लहान सेवा ठरत नाही.

तिचा फोटो काढून टाकू नका. 'लोकांनी तुमची सत्कर्मं पाहावीत' आणि 'डाव्या हाताला कळू देऊ नका' ही दोन्ही वचनं एकाच डोंगरावरच्या प्रवचनातली आहेत. काम झालेलं दिसावं, करणाऱ्यानं दाखवू नये, असा मी त्याचा मेळ लावतो. आणि मदतीला धर्माची अट कधीच नको. चर्चला आलीस तर कागद करून देतो, हा सौदा आहे.

आता आजाराबद्दल, कारण इथे आपल्याच हातून अंधार वाढतो. दारू सोडायची म्हणून माणूस रविवारी सगळ्यांसमोर उभा राहतो, आपण टाळ्या वाजवतो. तो वर्षानुवर्षं रोज पिणारा असेल तर दारू एकदम बंद केल्यावर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, तो किडे झटकत बसतो. घरचे म्हणतात भूत लागलं, आणि काही ठिकाणी त्याला बांधून प्रार्थनेला बसवतात. ते भूत नाही. मेंदूला दारूची सवय झालेली असते आणि ती एकाएकी तुटल्यानं हे होतं. यात जीव जातो. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, औषधं मिळतात, आणि प्रार्थना खाटेशेजारी बसून करा. साप चावल्यावरही तेच. चावा कापायचा नाही, करकचून बांधायचं नाही, हात किंवा पाय हलू न देता थेट सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. प्रार्थना गाडीत करा, गाडी थांबवून नको. आणि कुणा बाईनं करणी केली असं प्रार्थनेत कुणाच्या तोंडून निघालं तर पाळकानं तिथल्या तिथे थांबवावं. 2013 पासून त्याविरुद्ध राज्यात कायदा आहे. पण कायदा नसता तरी थांबवायला हवं होतं.

विदर्भात ख्रिस्ती सेवेनं हे काम आधीच करून दाखवलेलं आहे. परतवाड्याजवळचं कोठारा कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी ओळखलं जातं. तो आजार अजून आपल्या जिल्ह्यांतून गेलेला नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नाही, असं दिसलं तर आशाताईला सांगा. गोळ्या फुकट मिळतात, 6 किंवा 12 महिने घ्यायच्या. गोळ्या सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रोग पसरायचा थांबतो. लोक मध्येच सोडतात ते का, ते समजून घ्या. एका गोळीनं लघवी लाल होते, दुसरीनं कातडी काळपट पडते, आणि माणूस घाबरतो. हे होणारच आहे, गोळ्या संपल्यावर रंग हळूहळू परत येतो, एवढं कुणी आधी सांगितलं तर तो गोळ्या पूर्ण करतो. त्याच्या हातचा चहा प्या. प्रभूनं कुष्ठरोग्याला बरं करताना हात लावला होता.

स्तोत्र 119 मधलं वचन म्हणतं, तुझं वचन माझ्या पावलांकरता दिवा आहे. रात्रीची लाईन मिळते म्हणून गव्हाला ओलित करायला जाणाऱ्या माणसाला हे नीट कळतं. त्याच्या बॅटरीचा झोत पायाखालच्या सऱ्यांवर असतो, दोन पावलं पुढे, कारण साप तिथे असतो. शेजाऱ्याच्या शेताकडे झोत वळवला की आपलाच पाय चुकीच्या जागी पडतो. आपण वचनाचा झोत बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडावर मारतो. ते लोक असे, ही जात तशी, तो सण सैतानाचा. गावात पोळा आपल्यासोबत, गणपती आपल्या दारावरून. त्या माणसांशी वाद घालून कुणाच्या घरात उजेड पडत नाही. फिलिप्पैकरांना लिहिताना पौलानं जगात ज्योतींसारखं दिसायची पहिली अट सांगितली ती हीच, कुरकुर आणि वाद न करता सगळं करा.

येत्या रविवारी उपासना झाली की ज्यांच्या घरी शेती किंवा दुकान आहे त्यांनी आपापला काटा चर्चच्या अंगणात आणावा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनमापे खात्याची मोहर दर 12 महिन्यांनी लागते, तारीख पाहा. मग एक रिकामी बादली मोजा. 1 लिटरच्या सीलबंद पाण्याच्या 10 बाटल्या तिच्यात ओता आणि पुन्हा मोजा. बादलीचं वजन वजा केल्यावर 10 किलो आलं पाहिजे. 9 किलो 600 ग्रॅम आलं तर मागच्या वेचणीची वही उघडा, कुणाचे किती राहिले ते काढा, आणि नाताळच्या आधी नेऊन द्या.