मायएसक्यूएल 8 वर जुनं फंक्शन अडलं? ‘ड्रॉप करा, परत बनवा’ करण्याआधी हे वाचा

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरच्या 5.7 आवृत्तीवरून 8.0 किंवा 8.4 वर गेल्यावर जुनी स्टोअर्ड फंक्शन्स (डेटाबेसमध्येच साठवलेले, नावाने बोलावता येणारे छोटे प्रोग्रॅम) अडू लागली, की एक ठरलेला उपाय हातोहात फिरतो. अपग्रेडमध्ये फंक्शन ‘करप्ट’ होतं, म्हणून ते ड्रॉप करून परत तयार करा. 1418 क्रमांकाचा एरर आला तर लॉग_बिन_ट्रस्ट_फंक्शन_क्रिएटर्स हे सेटिंग 1 करा. तरी भागलं नाही तर एसक्यूएल_मोड (चुकीचा डेटा अडवायचा की चालवून घ्यायचा हे ठरवणारं सेटिंग) रिकामा करा. कोलेशनची (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांची) तक्रार आली तर ऑल्टर डेटाबेस चालवा, डेफिनर (फंक्शन ज्याच्या नावावर आहे ते खातं) सापडत नसेल तर रूट टाका, आणि शेवटी मायएसक्यूएल_अपग्रेड चालवा म्हणजे सगळं जागेवर येईल.

5.7 ची अधिकृत मदत ऑक्टोबर 2023 मध्ये थांबली, पण त्यावरची स्थलांतरं अजून चालू आहेत आणि हा उपाय रोज कुणीतरी चालत्या सर्व्हरवर वापरतं. त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा किंवा अर्धवट आहे. काही तर चांगलं चालणारं फंक्शन मोडतात. (आज्ञा आणि सेटिंग्जची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना मूळ रोमन अक्षरंच वापरा.)

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. फंक्शन म्हणजे फक्त बिगिनपासून एंडपर्यंतचा मजकूर नाही. ते तयार होतं त्या क्षणी सर्व्हर त्याच्या गाठीला आणखी काही बांधून देतो: त्या सेशनचा एसक्यूएल_मोड, कॅरेक्टर_सेट_क्लायंट, कोलेशन_कनेक्शन, डेटाबेसचं त्या वेळचं कोलेशन आणि डेफिनर. पुढे सर्व्हरची सेटिंग कितीही बदलली तरी फंक्शन हीच शिदोरी घेऊन चालतं. इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्स या टेबलात हे सगळे रकाने दिसतात. खालचे बहुतेक गोंधळ ही शिदोरी न पाहिल्यामुळे होतात.

‘अपग्रेडमध्ये फंक्शन करप्ट होतं’

नाही. 5.7 पर्यंत फंक्शन्सच्या व्याख्या मायएसक्यूएल.प्रॉक या टेबलात असायच्या. 8.0 मध्ये त्या डेटा डिक्शनरीत (सर्व्हरच्या अंतर्गत नोंदवहीत) गेल्या आणि ते टेबल वापरातून गेलं. मजकूर तोच राहतो, बदलतो तो त्याच्याभोवतीचा सर्व्हर. ‘करप्ट’ हा शब्द बहुधा जुन्या चुकांमधून आला असावा: 5.0 वरून 5.1 वर जाताना 1547 यायचा, प्रॉक टेबलात 20 रकाने अपेक्षित होते आणि 16 सापडले, टेबल बहुधा करप्ट आहे, असं सांगणारा. तो प्रश्न त्या काळाचा होता.

प्रॉक गेल्याचा एक फटका मात्र खरा आहे. 5.7 मध्ये मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये उतरवणारी आज्ञा) ऑल-डेटाबेसेस पर्यायाने चालवला की प्रॉक टेबल सोबत यायचं, म्हणून फंक्शन्सही यायची. 8.0 मध्ये रूटीन्स आणि इव्हेंट्स हे पर्याय स्वतंत्रपणे द्यावेच लागतात. बॅकअपची जुनी स्क्रिप्ट तशीच चालू असेल तर डंप कुरकुर न करता पूर्ण होतो आणि त्यात एकही फंक्शन नसतं. अपग्रेडनंतर पहिल्याच दिवशी ही स्क्रिप्ट उघडून बघा.

‘ड्रॉप करा, परत तयार करा’

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. फंक्शन ड्रॉप झाल्यावर पुढे काय होतं ते क्रमाने पाहू.

5.7 मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद, जिच्यावरून रेप्लिका म्हणजे सर्व्हरची दुसरी प्रत अद्ययावत राहते) मुळात बंद असायचा, 8.0 मध्ये तो मुळात चालू असतो. त्यामुळे ज्या क्रिएट फंक्शनला 5.7 ने कधी अडवलं नाही, तेच इथे 1418 देऊन थांबतं. ही तपासणी मुख्यतः फंक्शन तयार करताना होते. आधीपासून असलेलं फंक्शन रो पद्धतीच्या (बदललेल्या ओळी नोंदवणाऱ्या) लॉगवर निमूटपणे चालत असतं. म्हणजे चालतं फंक्शन तुम्ही पाडलं, नवं उभं राहिलं नाही, आणि आता ॲप्लिकेशनला 1305 मिळतोय: फंक्शन अस्तित्वात नाही.

समजा तयार झालं. तरी त्या फंक्शनवर नावानिशी दिलेल्या एक्झिक्यूटच्या परवानग्या ड्रॉपबरोबर गेलेल्या असतात, कारण ऑटोमॅटिक_एसपी_प्रिव्हिलेजेस मुळात चालू असतं. ॲप्लिकेशनच्या युजरला मग 1370 मिळतो. पूर्ण डेटाबेसवर एक्झिक्यूट दिलेलं असेल तर हा फटका बसत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात उशिरा कळते. नवं फंक्शन तुमच्या आजच्या सेशनचा एसक्यूएल_मोड उचलतं. 5.5 चा मूळ मोड रिकामा होता. त्या काळी लिहिलेलं फंक्शन, रिटर्न्स व्हारकार 20 म्हणून पूर्ण नाव जोडून देणारं, लांब नाव आलं की गुपचूप कापून द्यायचं. आज ते कडक मोडमध्ये परत बनवलं की त्याच नावावर 1406 येतो. आकड्याच्या व्हेरिएबलमध्ये अक्षरं गेली तर 1366, शून्य तारीख आली तर 1292. लोक म्हणतात अपग्रेडने फंक्शन बिघडवलं; खरं तर ते परत बनवण्याने बिघडलेलं असतं.

परत तयार करावंच लागणार असेल तर ही तयारी करून करा. आधी मायएसक्यूएलडंप रूटीन्स, नो-डेटा, नो-क्रिएट-इन्फो आणि स्किप-ट्रिगर्स या पर्यायांनी चालवून व्याख्या फाइलमध्ये घ्या. मायएसक्यूएल.प्रॉक्स_प्रिव्ह मधून त्या फंक्शनच्या परवानग्या लिहून घ्या. इन्फर्मेशन_स्कीमा.रूटीन्समधून एसक्यूएल_मोड, डेटाबेस_कोलेशन, डेफिनर, इज_डिटरमिनिस्टिक आणि एसक्यूएल_डेटा_ॲक्सेस टिपा. सेशनचा मोड त्या जुन्या मोडसारखा करा, मगच ड्रॉप आणि क्रिएट, आणि लगेच ग्रँट. मोड कडक करायचा असेल तर जरूर करा, पण ते वेगळं काम समजून, आतला मजकूर दुरुस्त करून.

फंक्शनच्या घोषणेत फक्त रीड्स एसक्यूएल डेटा किंवा नो एसक्यूएल जोडायचं असेल तर ड्रॉपची गरजच नाही, ऑल्टर फंक्शनने ते होतं. डिटरमिनिस्टिक (त्याच किमतींना नेहमी तोच निकाल) हा शब्द मात्र ऑल्टरने बदलता येत नाही.

‘ट्रस्ट फंक्शन क्रिएटर्स 1 करा’

1418 म्हणतो ते एवढंच: फंक्शनच्या घोषणेत डिटरमिनिस्टिक, नो एसक्यूएल, रीड्स एसक्यूएल डेटा यांपैकी एकही शब्द नाही. उपाय तो शब्द लिहिणं. निव्वळ आकडेमोड किंवा मजकुराची जुळवाजुळव असेल तर डिटरमिनिस्टिक आणि नो एसक्यूएल. टेबलातून वाचत असेल तर रीड्स एसक्यूएल डेटा. फंक्शन टेबलात लिहीत असेल तर मॉडिफाइज एसक्यूएल डेटा लिहिल्याने 1418 टळत नाही. असं काम प्रोसीजरमध्ये हलवावं, हे आमचं स्पष्ट मत.

सर्व्हर तुमचा शब्द तपासून पाहत नाही, त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून 1418 घालवायला प्रत्येक फंक्शनवर डिटरमिनिस्टिक चिकटवणंही तितकंच घातक. दर वेळी नवी किंमत देणारं यूयूआयडी वापरणाऱ्या फंक्शनला डिटरमिनिस्टिक म्हटलं तर ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) चुकीचा मार्ग निवडू शकतो, आणि लॉग स्टेटमेंट पद्धतीचा (आज्ञाच नोंदवणारा) असेल तर रेप्लिकावर वेगळीच किंमत जाते.

ट्रस्टचं सेटिंग 8.0.34 पासून नापसंत यादीत आहे. ते खरंच लागतं ते एका ठिकाणी: सुपर अधिकार न देणाऱ्या व्यवस्थापित क्लाउड सेवेवर 1419 येतो तेव्हा. तिथेही फंक्शन्स चढवण्यापुरतं चालू करा, काम झालं की बंद.

‘एसक्यूएल_मोड रिकामा करा’

फंक्शन स्वतःचा मोड घेऊन चालतं हे वर आलंच. त्यामुळे ग्लोबल मोड रिकामा केल्याने आधीच्या फंक्शनमध्ये काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो बाकीच्या सगळ्यावर: नव्या कनेक्शनवरचे इन्सर्ट लांब मजकूर कापून टाकू लागतात आणि कुणाला चूक दिसत नाही. ज्यासाठी केलं ते साधत नाही आणि डेटा मात्र खराब होतो.

मोडची खरी अडचण डंप चढवताना येते. 5.7 च्या डंपमध्ये प्रत्येक रूटीनआधी मोड लावणारी ओळ असते आणि तिच्यात नो_ऑटो_क्रिएट_युजर असतं. हा मोड 8.0.11 मध्ये काढून टाकला, म्हणून 1231 येतो. डंपच्या फाइलमधून तो शब्द त्याच्या स्वल्पविरामासकट काढा आणि परत चढवा. इथे फोर्स पर्याय लावून पुढे रेटू नका. मोडची ओळ नाकारली जाते, सेशनमध्ये आधीचा मोड तसाच राहतो आणि पुढची फंक्शन्स त्या भलत्याच मोडमध्ये जन्माला येतात, एकही चूक न दाखवता. डंप न घेता जागच्या जागी अपग्रेड केलं असेल तर सर्व्हर हा जुना मोड स्वतःच साफ करतो.

‘ऑल्टर डेटाबेसने कोलेशन सुटतं’

1267, म्हणजे दोन कोलेशनची सरमिसळ. 8.0 मध्ये यूटीएफ8एमबी4 या कॅरेक्टर सेटचं मूळ कोलेशन जनरल_सीआय ऐवजी 0900_एआय_सीआय झालं. 5.7 मध्ये शो क्रिएट टेबल मूळ कोलेशनचं नाव लिहीतच नसे. म्हणून डंपमधली अशी टेबलं 8.0 वर 0900 ची होतात, आणि ज्यांच्यावर युनिकोड_सीआय स्पष्ट लिहिलं होतं ती तशीच राहतात. आता दोन्ही एकाच डेटाबेसमध्ये.

फंक्शनच्या पॅरामीटरवर काही लिहिलं नसेल तर तो, फंक्शन तयार होतानाचं डेटाबेसचं कोलेशन घेतो. ऑल्टर डेटाबेस फक्त पुढे बनणाऱ्या गोष्टींचं मूळ मूल्य बदलतं. आजची टेबलंही बदलत नाहीत, आजची फंक्शन्सही नाहीत.

इथे हमखास एक चकवा बसतो: तीच क्वेरी हाताने चालवली तर चालते, फंक्शनमधून मात्र 1267. कारण हाताने लिहिलेला मजकूर कॉलमच्या कोलेशनपुढे माघार घेतो. पॅरामीटर आणि लोकल व्हेरिएबल यांचं वजन कॉलमइतकंच असतं, त्यामुळे दोघं अडून बसतात. उपाय: पॅरामीटर, डिक्लेअर केलेली व्हेरिएबल्स आणि रिटर्न्स, तिन्ही ठिकाणी कॅरेक्टर सेट आणि कोलेट दोन्ही स्पष्ट लिहा, टेबलाच्या कॉलमला जुळणारे.

0900 मध्ये आणखी एक बदल आहे जो चूक देत नाही. जुन्या कोलेशनमध्ये ‘पुणे’ आणि शेवटी एक स्पेस असलेलं ‘पुणे ’ समान ठरायचं. 0900 मध्ये ठरत नाही. गाव शोधून कोड देणारं फंक्शन अचानक नल देऊ लागलं तर आधी हे तपासा.

‘डेफिनर रूट करा’

1449 म्हणजे डेफिनरचं खातं नव्या सर्व्हरवर नाही. 8.0 पासून ग्रँटने युजर आपोआप तयार होत नाही, म्हणून जुन्या स्क्रिप्टमधले ग्रँट 1410 देऊन पडतात आणि खाती राहून जातात. मूळ अडचण ही आहे. रूट टाकलं तर एसक्यूएल सिक्युरिटी डेफिनर असलेलं फंक्शन, ते चालवायची परवानगी असलेल्या कुणाहीसाठी रूटच्या अधिकाराने चालेल. त्याऐवजी त्याच नावाचं खातं क्रिएट युजरने अकाउंट लॉक लावून तयार करा आणि लागतील तेवढ्याच टेबलांची परवानगी द्या. कुलूपबंद खात्याने लॉगिन होत नाही, पण डेफिनर म्हणून ते व्यवस्थित चालतं. प्रॉक टेबलावर अपडेट चालवून डेफिनर बदलायची जुनी युक्ती 8.0 वर लागू होत नाही.

‘शेवटी मायएसक्यूएल_अपग्रेड’

8.0.16 पासून हे काम सर्व्हर सुरू होताना स्वतः करतो आणि 8.4 मध्ये ही आज्ञा नाहीच. फंक्शनच्या आतला मजकूर तिने कधीच दुरुस्त केला नव्हता.

त्या उपायात अजिबात न आलेलं

फंक्शनच्या आत काय लिहिलंय याचा त्या उपायात उल्लेखही नाही, आणि खऱ्या चुका बहुतेक तिथेच असतात. रँक, ग्रुप्स, सिस्टम, रो_नंबर, लीड, ओव्हर हे शब्द 8.0 मध्ये राखीव झाले. यांपैकी एखादं नाव व्हेरिएबलला किंवा कॉलमला असेल तर 1064. नावाला बॅकटिक लावा, जमल्यास नावच बदला. ग्रुप बायनंतर एएससी किंवा डीईएससी लिहिणं 8.0.13 पासून बंद आहे; तिथे स्वतंत्र ऑर्डर बाय लिहा.

एनकोड, डीकोड, डीईएस_एन्क्रिप्ट, डीईएस_डिक्रिप्ट, एन्क्रिप्ट ही अंगभूत फंक्शन्स काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी येणारा 1305 फसवा असतो: संदेशात तुमच्या डेटाबेसचं नाव, टिंब आणि पुढे एनकोड असं दिसतं, जणू तुमचंच एखादं फंक्शन हरवलंय. एनकोड किंवा डीईएस_एन्क्रिप्टने साठवलेला डेटा 8.0 वर उलगडता येत नाही, म्हणून 5.7 चालू असतानाच तो उलगडून एईएस_एन्क्रिप्टमध्ये बदला. पासवर्ड फंक्शन तुलनेसाठी लागतच असेल तर शा1 काढा, अनहेक्स करा, परत शा1, त्याला अप्पर, आणि सुरुवातीला तारांकन जोडा; तोच हॅश मिळतो. ॲझटेक्स्ट, जिओमफ्रॉमटेक्स्ट अशा नावांपुढे आता एसटी_ लागतो.

रेगएक्सचं (मजकुरातले नमुने शोधण्याचं) इंजिन 8.0.4 मध्ये बदललं. शब्दाची सीमा दाखवणारी दुहेरी चौकटी कंसातली जुनी खूण, आत कोलन (:) आणि कोनकंस असलेली, आता 3685 देते. तिथे दोन बॅकस्लॅश आणि बी लिहा. मराठी डेटा असलेल्यांनी इथे जास्त सावध राहावं. जुनं इंजिन बाइट मोजायचं आणि देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ8 मध्ये तीन बाइटचं असतं, त्यामुळे कुणी एका चिन्हासाठी तीन टिंबं लिहून काम भागवलं असेल तर नवं इंजिन त्यांना तीन चिन्हं समजतं. चूक येत नाही, जुळणी बदलते.

अपग्रेडआधी मायएसक्यूएल शेलमधलं चेकफॉरसर्व्हरअपग्रेड 5.7 वर चालवा. राखीव शब्द, काढलेली फंक्शन्स आणि जुने मोड ते दाखवतं. पण फंक्शनमध्ये कोणता डेटा येईल हे त्याला कळत नाही, आणि इफच्या ज्या फांदीत कुणी गेलंच नाही तिथली चूक वर्षभर दिसत नाही. म्हणून 5.7 ची एक प्रत चालू ठेवा आणि प्रत्येक फंक्शन दोन्हीकडे त्याच किमतींनी चालवा: नल, रिकामी स्ट्रिंग, शेवटी स्पेस असलेलं नाव, मर्यादेपेक्षा लांब नाव, मराठी मजकूर, शून्य तारीख. दोन्हीकडचे निकाल फाइलमध्ये घ्या आणि डिफ लावा.