मोठे इंजिन, मऊ सीट आणि डोंगरातला आराम

डोंगराळ भागातल्या लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : इंजिन जितके मोठे, सीट जितकी मऊ आणि सस्पेन्शनची चाल (म्हणजे खड्ड्यावर चाक वर-खाली सरकू शकते ते अंतर) जितकी लांब, तितका प्रवास आरामाचा. घाट चढू लागल्यावर या तिन्हींपैकी एकही गोष्ट जशीच्या तशी टिकत नाही.

इंजिनाबाबत या सल्ल्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. समुद्रसपाटीपासून ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे ६० टक्के उरते आणि टर्बो (हवा दाबून भरणारा पंप) नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शन हवेच्या दाबानुसार पेट्रोल कमी करते, म्हणून इंजिन गुदमरत नाही. पण जी हवाच नाही ती ते कुठून आणणार? त्यामुळे ४० पीएसची (पीएस, एचपी आणि बीएचपी ही ताकद मोजण्याची जवळपास सारखीच एकके) रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० तिथे ढोबळमानाने २४ पीएसची होते, तर १३६ एचपीच्या बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसकडे तिथेही ८० एचपी शिल्लक राहतात. प्रश्न असा की, हेअरपिन वळणे, सैल खडी आणि समोरून येणारे ट्रक यांच्यातून ताशी सरासरी ३० किलोमीटर पडले तरी पुष्कळ म्हणायचे, तिथे हे ८० एचपी वापरायचे कुठे? वजन मात्र उंचीबरोबर घटत नाही. पेट्रोलसह पहिलीचे १९६ किलो, दुसरीचे २४९, आणि सामान वेगळेच.

हे जादा ५३ किलो सरळ रस्त्यावर जाणवतही नाहीत. ते जाणवतात चढावरच्या वळणात, जिथे रस्ता एका अंगाला कललेला असतो, वेग माणसाच्या चालीएवढा असतो, समोर अचानक वाहन आल्याने थांबावे लागते आणि उताराकडचा पाय टेकवायला जावे तर जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली लागते. त्या क्षणी कलणारी मोटारसायकल मांडी आणि कंबर यांच्याच जोरावर सावरायची असते. असे दिवसातून दहा वेळा झाले की संध्याकाळी अंग दुखते, आणि दोष बिचाऱ्या सीटला दिला जातो.

चढावर उपयोगी पडतो तो कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असतानाच, मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. जुन्या हिमालयन ४११ चे २४ बीएचपी कागदावर हास्यास्पद वाटतात. पण तिचा ३२ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० ते ४,५०० आरपीएममध्येच हाती येतो, आणि सावकाश चढताना ते कामाला येते. मागे सहप्रवासी आणि दोन्ही बाजूंना पेट्या असतील तर मात्र तिची दमछाक होते, हेही तितकेच खरे.

मऊ सीटविषयी फार लिहायला नको. दुकानात दोन मिनिटे बसून सुखावणारा फोम दोन तासांत दबतो आणि बैठकीची हाडे खालच्या कडक तळाला लागतात. रुंद आणि किंचित घट्ट सीट भार पसरवते.

उरली सस्पेन्शनची चाल. चाल लांब म्हटली की सीटही बहुधा उंच होते, म्हणजे पाय न पोहोचण्याची वरची अडचण पुन्हा आलीच. शिवाय २०० मिलिमीटर चालीपैकी साधारण एक तृतीयांश चाल चालक बसल्यावरच दबलेली असावी लागते. त्यावर सहप्रवासी आणि सामान चढले, पण स्प्रिंगचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) वाढवला नाही, तर मागची बाजू खाली बसते, हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो, वळणात पुढचे चाक बाहेर सरकू पाहते आणि प्रत्येक खड्डा थेट कण्यात पोहोचतो. तेव्हा चाल कितीही लांब असली तरी तिचा उपयोग नाही. म्हणूनच पाना न शोधता हाताने फिरवता येणारा प्रीलोडचा नॉब ज्या मोटारसायकलीला असेल, तिला मी वीस मिलिमीटर जादा चाल असलेलीपेक्षा वरचे स्थान देईन.