मामांची बँक दुबईची, माझी व्हिएन्नाची

२०२५च्या दिवाळीत कोल्हापुरातून मामांचा फोन आला. शुभेच्छा एका दमात उरकल्या आणि म्हणाले, "काय रं भाच्या, आपली रत्नाकर बँक दुबईवाल्यानं घेतली की!" धनत्रयोदशीलाच बातमी आली होती. दुबईची एमिरेट्स एनबीडी ही बँक आरबीएलमध्ये, म्हणजे पूर्वीच्या रत्नाकर बँकेत, सुमारे २६,८५० कोटी रुपये घालून ६० टक्क्यांपर्यंत हिस्सा घेणार. मामांची शाहूपुरीत गुळाची अडत. १९४३ साली गावात निघालेल्या या बँकेचं पासबुक ते लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी मांडतात.

खरं तर बँक कोल्हापुराबाहेर गेली ती दुबईमुळे नव्हे. २०१०नंतर कारभार मुंबईतून चालू लागला, पुढे रत्नाकरचं आरबीएल झालं. तेव्हा कुणी हळहळल्याचं आठवत नाही.

मी चेक प्रजासत्ताकात, प्रागमध्ये राहतो. माझा पगार जमा होतो चेस्का स्पोर्झितेल्नात. १८२५ची बचत बँक, मालक व्हिएन्नाची एर्स्टे. चेएसओबी बेल्जियमच्या केबीसीची, कोमर्चनी बांका फ्रेंचांची. देशातल्या तिन्ही बड्या बँका परक्यांच्या. घरकर्जाला गेलो तेव्हा समोरची बाई चेक, कागद चेक, हप्ता कोरुना या इथल्या चलनात. व्हिएन्नाचं नाव कुठं दिसलं नाही.

हे ऐकून मामा म्हणाले, "मग त्यांच्याकडं ऱ्हायलं काय?"

प्रश्न रास्त आहे. नव्वदच्या दशकात सरकारचा वरचष्मा असलेल्या इथल्या बँकांनी ओळखीपाळखीवर कर्जं वाटली आणि कंपन्या आतून पोखरल्या गेल्या. त्या धंद्याला चेक माणूस 'बोगदा खणणं' म्हणतो. बुडीत कर्जांचा बोजा करदात्यांच्या डोक्यावर बसला आणि १९९९ ते २००१ या काळात या तिन्ही बँका विकल्या गेल्या. परका मालक आला की बरकत, असंही नाही. आयपीबी या चेक बँकेत जपानच्या नोमुरा या वित्तसंस्थेचा मोठा हिस्सा होता, तरी २००० साली तिच्यावर प्रशासक बसवावा लागला. उलट २००८च्या संकटात केबीसीला मायदेशी सरकारी मदत घ्यावी लागली, चेएसओबीला इथं लागली नाही.

नफा मात्र बाहेर जातो आणि ते लोकांना खुपतं. २०२३पासून तीन वर्षं बँकांच्या जादा नफ्यावर ६० टक्के कर लावला तो काही उगाच नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०२०चं. कोविड आला, चेक राष्ट्रीय बँकेनं, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेनं, लाभांश थांबवा म्हटलं आणि परदेशी मालकांना गप्प बसावं लागलं.

मामांना म्हटलं, आपल्याकडेही मालकाचा हिस्सा साठ टक्के असला तरी मताधिकार २६ टक्क्यांवर अडतो. बँकेचा प्रमुख नेमायलाही रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. शिवाय हे पैसे कुणा जुन्या भागधारकाच्या खिशात नाही, नव्या शेअरांपोटी थेट बँकेत येणार.

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे दुबईला शिव्या घालून उपेग न्हाई. गुळाचा रवा मुंबईला मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेलाच धाडाय पायजे."