काका, आधी मुलाला लॅबमध्ये पाठवा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर रविवारपासून एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: 2045 पर्यंत जगभरच्या पुरुषांचे शुक्राणू शून्यावर येणार. ज्याच्यात ‘ताकद’ आहे किंवा ज्याला एक मूल झालंय त्याला तपासणीची गरज नाही, दोष बाईतच शोधावा. काउंट कमी निघालाच तर ताकदीची इंजेक्शनं घ्या, 15 दिवसांत दिवस राहतील. ज्या काकांनी टाकला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज हेच नमुने तपासते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

2045 चं आधी. 1973 ते 2018 या काळातली जगभरची मोजमापं 2022 च्या एका अभ्यासात एकत्र केली, तेव्हा सरासरी मिलिलिटरला सुमारे 10 कोटींवरून 5 कोटींच्या आत आलेली दिसली. हे गंभीरच आहे, जरी जुन्या मोजणीवरून शास्त्रज्ञांत वाद असला तरी. पण शून्याचा आकडा उतरती रेघ पट्टी लावून पुढे ओढल्यावर येतो. शरीर पट्टीनं चालत नाही.

‘ताकदी’चा मुद्दा मात्र संसार मोडणारा आहे. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, बाकी सगळा द्रव. त्यामुळे एकही शुक्राणू नसलेला नमुना डबीत अगदी नेहमीसारखाच दिसतो. साधारण शंभरातल्या एका पुरुषात असं असतं, आणि त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. कारण नळीतला अडथळा असेल, वयात आल्यावर झालेलं गालगुंड असेल, जन्मजात काही असेल. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचा वाटा असतो, एकट्याचा किंवा बायकोबरोबरीनं.

मागे एक जोडपं आलं होतं. चार वर्षांत तिच्या नळ्यांची तपासणी झालेली, दोनदा दुर्बीण झालेली, अनवाणी पावागड चढून झालेला. त्याची ही पहिली तपासणी. डबी त्यानं लिलो चिवड्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणली होती. काचपट्टीवर थेंब घेतला, सगळा कोपरा न् कोपरा बघितला, नमुना फिरवून पुन्हा बघितला. एकही नाही. बाहेर बाकावर ती तिच्या जुन्या रिपोर्टांची जाड फाइल मांडीवर घेऊन बसली होती. त्या फाइलमधलं किती टळलं असतं!

एक मूल झालं म्हणजे पुढचंही होईलच असं नाही. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांच्याच लक्षात आलं, की अलीकडे आपल्यात कुणाला मूलच होत नाही. डीबीसीपी नावाच्या रसायनानं त्यांचे शुक्राणू घटले होते. म्हणून इथे नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांनी आपलं काम काय आहे, तेही डॉक्टरांना सांगावं.

आणि ती इंजेक्शनं कृपा करून घेऊ नका. त्यांतलं टेस्टोस्टेरोन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बाहेरून मिळालं की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू बनणं बंद पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर हीच इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिली होती! जिममध्ये ती घेणारी मुलं नंतर आमच्याकडे येतात. सोडल्यावर काउंट परतायला कित्येक महिने लागतात. 15 दिवसांची हमी तर कुठल्याच औषधाला देता येणार नाही, कारण एक शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणूनच डॉक्टर उपचारानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात.

काउंट शून्य आला तरी काहींच्या वृषणातून शुक्राणू काढून इक्सीनं, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून, मूल होतं. पण त्यासाठी आधी कळायला तर हवं. तपासणीपूर्वी 2 ते 7 दिवस संबंध नको. डबी लॅबचीच घ्यायची. घरून आणणार असाल तर शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात आणायची. सुनेला सोबत आणायची गरज नाही.