‘सडेतोड नागपूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नागपुरातल्या एम्प्रेस मिलच्या, म्हणजे टाटांच्या जुन्या कापडगिरणीच्या, खुणा जपायला हव्या होत्या, या माझ्या लेखाखाली ‘सडेतोड नागपूरकर’ यांनी लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. त्यांचं म्हणणं असं: टाटांची पहिली गिरणी मुंबईची. पोलादाशी नागपूरचा संबंध मी ओढूनताणून जोडला. कामगारांच्या देण्यांवर अवाक्षर काढलं नाही. आणि शेवटी, ‘जुन्या विटा कवटाळणं हे पोट भरलेल्यांचे चोचले.’

पहिलं मान्य. चिंचपोकळीची अलेक्झांड्रा 1869 ची, आपली एम्प्रेस 1 जानेवारी 1877 ची. मी ‘पहिली मोठी’ लिहिलं होतं, पण असो, अलेक्झांड्राचं नाव टाकतो. तेवढं सांगायला ‘आधी गूगल तरी करायचं’ हा टोमणा लागत नव्हता.

आता चोचले. तुम्ही मला ओळखता का हो? आमचे बाबा नागपुरातल्याच एका गिरणीत विणकाम खात्यात होते. मागांच्या खडखडाटात उभी हयात गेली, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज भांडण. रातपाळीहून आले की भुवयांवर कापसाची लव असायची. आई त्यांना अंगणातच थांबवायची, टॉवेलने झटकायची, मग घरात घ्यायची. अशा घरातला माणूस तुम्हाला पोट भरलेला दिसतो! वर विचारता, ‘गिरणी आतून पाहिली तरी होती का?’ पाहिली ना. बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा पहारेकरी हाकलेपर्यंत जेवढी दिसायची तेवढी. तुम्ही किती पाहिली, तेही लिहा एकदा.

टीका जरूर करा, पण नाव लपवून दुसऱ्याच्या पोटावर बोलायचं, ही कुठली रीत?

पोलादाचंही ऐकून घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा कामानिमित्त नागपुरात आले होते. सरकारी साहेबांच्या भेटीला वेळ होता, म्हणून समोरच्या म्युझियममध्ये, म्हणजे आपल्या 1863 च्या अजब बंगल्यात, सहज शिरले. तिथल्या भूगर्भाच्या नकाशावर दुर्ग भागात लोखंडाचे मोठे साठे दाखवलेले दिसले. खनिज उत्तम निघालं, पण कोळसा आणि पाण्याची सोय जुळेना, म्हणून कारखाना गेला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. 1907 मध्ये कंपनी, 1912 मध्ये पहिलं पोलाद. त्याच दुर्ग भागातल्या दल्ली-राजहराच्या खनिजावर पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. हे ओढूनताणून असेल तर मग सरळ कशाला म्हणायचं?

अजब बंगला उभा आहे, म्हणून ही गोष्ट बोट दाखवून सांगता येते. मिलच्या जागेवर मॉल आहे. तिथे सरकत्या जिन्यावर चढणाऱ्या पोट्ट्यांना विचारा, एम्प्रेस म्हणजे कोण? ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्याच दिवशी मिल सुरू झाली, हे सांगणारी एक ठळक पाटी लावायला कुणाचं पोट उपाशी राहतं?

राहता राहिली कामगारांची देणी. तो विषय मोठा आहे, वेगळा आहे आणि माझा लेख त्यावर नव्हता. तुमच्याकडे कागदपत्रं असतील तर पाठवा, जशीच्या तशी छापतो. फक्त खाली स्वतःचं नाव घाला.