लेन्सचं वजन कोण उचलणार?
‘फुल फ्रेम स्वस्त झालं, आता लहान सेन्सरचे दिवस भरले’ हे कॅमेऱ्यांवरच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. फुल फ्रेम, म्हणजे 36×24 मिमीचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप), मुळात महाग पडला, कारण एका सिलिकॉन चकतीतून मोजकेच निघतात आणि बारीकसा दोष आला तरी मोठा तुकडा वाया जातो. म्हणून तर एपीएस-सी हा त्याहून लहान सेन्सर रुळला. 2008 मध्ये मायक्रो फोर थर्ड्‌स ही आणखी लहान सेन्सरची पद्धत आली, कॅमेऱ्यातला आरसा गेला, बॉडी आटली. आमच्या हर्णै बंदरात घारी टिपायला त्यावर 300 मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या 600 मिमी लेन्सइतकी जवळची चौकट देते, आणि डुगडुगत्या होडीतही हातात पेलते! संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात मात्र उजेड बेताचा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला की सुरमईच्या पाठीवरची चमक रवाळ होते. तिथे मोठा सेन्सरच हवा, मान्य. पण लेन्सचं वजन आणि किंमत लेखकाने हिशेबात धरलेलीच नाही.