पाच मिनिटांत माणूस ओळखणाऱ्यांसाठी

‘अनुभवी माणूस उमेदवाराला पाच मिनिटांत ओळखतो. ठरावीक प्रश्न आणि गुणांचे तक्ते माणसाला यंत्र बनवतात. पूर्वग्रह असतो हे ठाऊक असलं की तो आपोआप जातो.’ हा मेसेज काल मामांकडून आला. मामा सोमवारी शिक्षकभरतीच्या पॅनलवर बसणार आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

पाच मिनिटांत ओळखू येतं ते काय? शर्टाची इस्त्री, बोलण्यातली सफाई, गाव आणि आडनाव. उरलेली पंचवीस मिनिटं त्यावर शिक्का मारण्यात जातात. आवडलेल्याला विचारायचं, ‘मुलांमध्ये रमता ना?’ नावडलेल्याला, ‘अपूर्णांकाचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करतात?’ तो अडखळला की, ‘बघा, म्हटलं नव्हतं!’ नाकारलेला पुढे दुसऱ्या शाळेत कसा शिकवतो, हे पॅनलला कधी कळतच नाही. मग चूक सापडणार कुठून?

एकदा सापडली. टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयानं १९७९ साली सुमारे ८०० जणांच्या मुलाखती घेऊन क्रम लावले आणि वरच्यांतून १५० घेतले. नंतर विधिमंडळानं आणखी ५० जागा भरायला लावल्या. तोवर चांगले क्रमांक इतरत्र गेले होते, उरले होते ते ७००च्या पुढचे. तेच घेतले. शिक्षणात आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या कामात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. आणि त्यांना तळाला ढकललं होतं ते मुख्यतः मुलाखतकारांच्या मतांनी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९८७ साली हे छापून आलंय.

‘ठाऊक असलं की जातो’ यावर फार शाई नको. ठाऊक असणाऱ्याला पूर्वग्रह शेजारच्याचा दिसतो, स्वतःचा नाही.

राहिले तक्ते. कामाला लागणारे पाच-सहा गुण आधी ठरवा. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमानं. १, ३ आणि ५ हे आकडे कसल्या उत्तराला, हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर एकाचा ३ तो दुसऱ्याचा ५. उत्तर संपलं की लगेच आकडा टाका. शेवटी एकदम भरलं तर एका छान उत्तराची झाक सगळ्या रकान्यांवर पडते. चर्चेआधी सगळ्यांचे कागद गोळा करा. अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं, कारण ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात.

अंतर्ज्ञान अगदीच फुकट नाही, हे नाइलाजानं मान्य. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी १९५५च्या सुमारास इस्रायली सैन्यासाठी अशीच सहा स्वभावगुण जोखणारी मुलाखत बसवली, तेव्हा मुलाखत घेणारे ‘आम्हाला यंत्र करताय’ म्हणून चिडलेच होते. मग त्यांना मुभा मिळाली: सहाही आकडे भरून झाल्यावर डोळे मिटा, हा सैनिक म्हणून कसा वाटतो ते ठरवा आणि एक आकडा द्या. तो आकडाही सहांच्या बेरजेइतकाच उपयोगी ठरला. मामांनीही डोळे खुशाल मिटावेत, रकाने भरून झाल्यावर.